घरातला मनी प्लांट : वेल वाढवा, डास नको



हल्ली खेड्यातही बऱ्याच घरांत खिडकीजवळ बाटलीत मनी प्लांटचा वेल दिसतो. "पाने पिवळी का पडतात हो?" असे भगिनी नेहमी विचारतात. म्हणून थोडी माहिती.

हा वेल मूळचा पॅसिफिक महासागरातल्या मूरिया बेटावरचा, आपल्या अळू-सुरणाच्या कुळातला. रानात तो मोठ्या झाडांच्या सावलीत, खोडाला धरून वर चढतो. हा स्वभाव ध्यानात ठेवला की निगा सोपी.

लागवड : २-३ पेरांचा निरोगी तुकडा पेराच्या थोडा खाली कापावा. पेराशी बारीक मुळीचा कोंब असतो, मुळ्या तिथूनच फुटतात. नुसते पान लावून वेल होत नाही. कुंडीत २ भाग माती, १ भाग चांगले कुजलेले शेणखत व १ भाग वाळू भरावी. तळाला भोक हवेच.

उजेड : भरपूर उजेड हवा, पण दुपारचे कडक ऊन नको. उन्हाने पाने करपतात. अंधाऱ्या कोपऱ्यात वेल जगतो, पण पिवळे पट्टे जाऊन पाने नुसती हिरवी होतात.

पाणी : जास्त पाण्यानेच हा वेल अधिक मरतो. बोट मातीत घालून पाहा. वरची इंचभर माती कोरडी लागली, तरच पाणी द्या. पावसाळ्यात व थंडीत पाणी कमी करा. माती ओली असूनही पाने पिवळी पडत असतील, तर मुळ्या कुजू लागल्या असे समजावे.

आधार : काठीला नारळाचा काथ्या गुंडाळून कुंडीत रोवावी व काथ्या ओलसर ठेवावा. वर चढणाऱ्या वेलाची पाने मोठी होतात, खाली लोंबणाऱ्याची लहान राहतात.

कीड : पिठ्या ढेकूण दिसल्यास साबणाच्या सौम्य पाण्यात फडके भिजवून पाने पुसावीत. घरात विषारी औषध फवारू नये.

आता दोन गोष्टी नीट ऐका.

पहिली, डास. डेंग्यूचा डास मुख्यतः स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस पुरतात. म्हणून बाटलीतले आणि कुंडीखालच्या ताटलीतले पाणी दर आठवड्याला ओतून टाकावे. अंडी काठाला चिकटतात, आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. तेव्हा बाटली आतून घासूनच पुन्हा भरावी. आठवड्याच्या 'कोरड्या दिवशी' पिंप-रांजणाबरोबर हेही काम उरका. एवढे जमत नसेल, तर वेल मातीत लावलेला बरा.

दुसरी, लहान मुले. पान दिसते विड्याच्या पानासारखे, पण ते खायचे नव्हे. कच्च्या अळूने घसा खाजतो, तसेच याच्या पानात सुईसारखे खडे असतात. चावल्यास तोंडाची आग होते, सूज येते. मुलाने पान चावले, तर तोंड पुसून गार पाण्याने चूळ भरायला लावा. ओकारी काढू नका. सूज वाढली किंवा श्वासाला, गिळायला त्रास झाला, तर लगेच दवाखाना गाठा. छाटलेले वेल जनावरांपुढेही टाकू नयेत.

वेल भिंतीवर खुशाल चढू द्या. बाटली मात्र आजच एकदा तपासा.