थांबता येतं का तुम्हाला?

गेल्या पावसाळ्याआधीची गोष्ट आहे. सोमवारचा दिवस. हजेरी घेताना सातवीच्या वर्गातला एक नंबर रिकामा गेला. हा मुलगा कधी शाळा चुकवत नाही, म्हणून मला जरा नवल वाटलं. मधल्या सुट्टीत तो आला, पण आईबरोबर. हनुवटीला टाके, कोपराला पट्टी आणि पुढचा एक दात अर्धा तुटलेला!

"बाई, आता तुम्हीच समजवा ह्याला," आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "ह्याची घरातली सायकल मी भंगारवाल्याला देणार म्हणजे देणार."

झालं होतं असं. उल्हासनगरला कॅम्प नंबर चारमध्ये त्याचा मामेभाऊ राहतो. त्यानं कुणाकडून तरी जुनी 'फिक्सी' विकत घेतली होती. बारीक टायर, सरळ दांडी, रंग झकास, आणि ब्रेक एकही नाही! मोबाईलवर व्हिडिओ बघून तो तिच्यावर कसरती करायचा. पुढचं चाक उचल, मागचं चाक घसरव, जागच्या जागी उभा राहा. रविवारी आमच्या ह्या पठ्ठ्यानं ती मागून घेतली आणि थेट उड्डाणपुलावर चढवली. उतारावर पुढची रिक्षा थांबली. ह्यानं सवयीप्रमाणे पाय थांबवले. पण पायडल थांबेनात! उलट त्यांनीच ह्याचे पाय भिरकावून दिले. मग काय, हा रिक्षाच्या मागच्या बाजूवर आणि तिथून रस्त्यावर.

मागून एखादा ट्रक येत असता तर? तो विचार त्या आईनं रात्रभर केला असणार.

पायडल का थांबेनात?

तुमची सायकल आठवा. उतारावर पाय मारणं थांबवलं, तरी चाक फिरत राहतं आणि मागून टिक्-टिक् आवाज येतो. तो आवाज असतो फ्रीव्हीलचा. आत छोटे खटके असतात. पुढे पाय मारला की ते दात्यांत अडकून चाक फिरवतात आणि पाय थांबवला की दात्यांवरून नुसते घसरत जातात.

फिक्सीला हे फ्रीव्हील नसतंच. मागचं दातेरी चक्र चाकाला पक्कं बसवलेलं असतं. चाक फिरलं की पायडल फिरणार, पायडल थांबलं तरच चाक थांबणार. पाय उलटे मारले तर सायकल मागे जाते! म्हणून तिच्यावर कसरती छान होतात. सर्कशीतली सायकल आठवते ना? तीही हीच.

आणि गंमत अशी, की सुरुवातीला जवळजवळ सगळ्याच सायकली अशा होत्या. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये 'रोव्हर' नावाची सायकल आली. जवळजवळ सारख्या मापाची दोन चाकं आणि मागच्या चाकाला चेन असा तिचा थाट होता. आजच्या सायकलीची ती आजीच म्हणा ना! तिलाही फ्रीव्हील नव्हतं. ते सर्रास वापरात आलं १९०० च्या आसपास.

वर्गात भांडण

दुसऱ्या दिवशी वर्गात दोन तट पडले. एक तट म्हणाला, "सायकल म्हणजे कसरत. नुसतं सरळ जायला काय लागतं? ते तर दूधवालाही जातो." दुसरा म्हणाला, "सायकल म्हणजे प्रवास. एकाच जागी गरागरा फिरून कुठं पोचणार?"

मी फळ्यावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला 'कसरत', दुसऱ्या बाजूला 'सफर', आणि ज्याला जे सुचेल ते त्यानं येऊन लिहायचं.

कसरतीच्या बाजूला पहिल्यांदा 'सर्कस' आलं. बरोबरच आहे. आपल्या देशात सर्कस उभी केली ती आपल्याच सांगली भागातल्या विष्णुपंत छत्रे यांनी, १८८० च्या सुमारास. ते मूळचे घोड्यांचे शिक्षक. पुढे किती तरी मराठी माणसांनी सर्कशी काढल्या, देशोदेशी नेल्या. एका सायकलवर आठ-दहा जणींचा मोर होऊन फिरणं तुम्ही पाहिलं असेल. तो मोर एका दिवसात होत नाही. खाली जाड गादी, बाजूला सांभाळणारे लोक आणि रोज पहाटेचा सराव. असं कित्येक महिने चालतं, तेव्हा आपल्याला दोन मिनिटं टाळ्या वाजवायला मिळतात.

सफरीच्या बाजूला मी स्वतः एक आकडा लिहिला : ७१,०००. एवढे किलोमीटर! १५ ऑक्टोबर १९२३ या दिवशी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. वाळवंटं, बर्फ, जंगलं, सगळं तुडवत ते गेले. त्यातले तिघे प्रवास पुरा करून १८ मार्च १९२८ ला परत आले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा ही त्यांची नावं. साडेचार वर्षं, मुलांनो! तुम्ही पहिलीतून पाचवीत जाता तेवढा काळ.

"बाई, मुलगी कोणी नाही का?" मागच्या बाकावरून आवाज आला.

आहे तर! पुण्याची वेदांगी कुलकर्णी. २०१८ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी तिनं १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा केली. स्पेनमध्ये तिला लुटारूंनी गाठलं, तरी ती सायकल सोडून घरी आली नाही.

रेघ पुसली गेली

आता फळा दोन्हीकडून भरला होता. मी विचारलं, "आपल्या शाळेच्या क्रीडा महोत्सवात सायकलची कुठली शर्यत असते?"

"स्लो सायकलिंग!" सगळे ओरडले.

जो शेवटी पोचेल तो पहिला. पाय टेकला की बाद. आता मला सांगा, ही कसरत की शर्यत?

जगातले मोठमोठे सायकलपटूही हेच करतात, बरं का! सायकल शर्यतींसाठी उतरत्या कडांचं गोल मैदान असतं, त्याला वेलोड्रोम म्हणतात. पुण्याला बालेवाडीच्या क्रीडानगरीत असा वेलोड्रोम आहे. तिथल्या सायकलींना ब्रेक नसतात आणि फ्रीव्हीलही नसतं. म्हणजे फिक्सीच! स्प्रिंट नावाच्या शर्यतीत दोघेच जण असतात. जो मागे राहतो, त्याला पुढच्याच्या आडोशानं वारा कमी लागतो आणि शेवटी झेप घेता येते. म्हणून कधी कधी दोघेही पुढे जायला तयार नसतात आणि सायकली चक्क थांबवतात. पाय न टेकता, जागच्या जागी! १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये इटलीचा पेटेनेल्ला आणि फ्रान्सचा त्रांतँ असे जवळजवळ २२ मिनिटं उभे राहिले होते. सुवर्णपदक पेटेनेल्लानं नेलं.

आणि वेग? ८ ऑक्टोबर २०२२ ला इटलीच्याच फिलिप्पो गान्ना यानं अशाच सायकलवर एका तासात ५६.७९२ किलोमीटर अंतर कापलं. मुंबईच्या सीएसएमटी स्टेशनपासून आपल्या विठ्ठलवाडीपर्यंत साधारण तेवढंच अंतर आहे. फास्ट लोकलनंही तासाच्या वर लागतो!

म्हणजे तीच सायकल, तोच तोल. एकदा थांबण्यासाठी, एकदा पळण्यासाठी. फळ्यावरची मधली रेघ एका मुलीनं डस्टरनं पुसून टाकली. मला बरं वाटलं.

पण हनुवटीचे टाके काही डस्टरनं पुसले जात नव्हते. तो कोपऱ्यात गप्प बसला होता. मग मी त्याच्यासाठी एक आठवण सांगितली.

सात दिवस सात रात्री

मी तेव्हा तिसरीत होते. बदलापूर आजच्याइतकं मोठं नव्हतं. आमच्या घराजवळच्या मैदानात एक सायकलवाला आला. सात दिवस सात रात्री सायकलवरून खाली उतरायचं नाही, असा त्याचा पण होता. मधोमध बांबू, त्यावर भोंगा, आणि भोंग्यावर दिवसभर गाणी. तो सायकलवरच जेवायचा, सायकलवरच दात घासायचा, अंघोळसुद्धा सायकलवर! वाकून जमिनीवरचं नाणं उचलायचा, उलटी सायकल चालवायचा. लोक त्याच्या शर्टाला नोटा टाचायचे. आम्ही शाळा सुटली की दप्तरासकट तिथेच.

सातव्या दिवशी लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन उतरवलं. त्याचे पाय थरथरत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वडिलांबरोबर दूध आणायला निघाले, तर तो गाव सोडून चालला होता. त्याची खेळाची सायकल टेम्पोत टाकलेली, आणि तो स्वतः दुसऱ्याच एका साध्या काळ्या सायकलवर. वडिलांनी विचारलं, "अहो, ती सोडून ही कशाला?"

तो हसला आणि म्हणाला, "दादा, ती खेळाची. तिला ब्रेक नाही. मैदानात माझ्या आडवं कोण येतंय? रस्त्यावर लोक असतात, पोरंबाळं असतात. रस्त्याला ही." आणि त्यानं दोन्ही ब्रेक कचकच दाबून दाखवले.

एवढा तरबेज माणूस! पण रस्त्यावर ब्रेकशिवाय जायची छाती त्यानं दाखवली नाही. का? तर त्याला सायकल चांगली कळत होती. जपानमध्येही ब्रेक नसलेल्या सायकलींच्या मोठ्या शर्यती होतात, पण रस्त्यावर आणायची तर दोन्ही चाकांना ब्रेक हवा, असा तिथला कायदा आहे.

करून पाहा

सायकलवर बसू नका. ती हातात धरून चालत जा. आधी फक्त मागचा ब्रेक दाबा. चाक अडेल, पण घासत घासत पुढे येईल. आता फक्त पुढचा दाबा. सायकल पटकन थांबेल आणि मागचं चाक उचलायला लागेल. थांबताना सगळं वजन पुढे येतं, म्हणून पुढच्या चाकाची पकड वाढते आणि मागच्याची कमी होते. ब्रेक नसलेली फिक्सी पायांच्या जोरावर थांबवायची, म्हणजे फक्त मागच्या चाकावर थांबवायची! तिला थांबायला जास्त जागा लागणार. त्यात आपल्याकडचा पाऊस, निसरडा रस्ता आणि खड्डे! सायकलवर असताना मात्र दोन्ही ब्रेक एकदम, हळूहळू दाबायचे.

अंबरनाथची स्वारी

टाके निघाल्यावर एका रविवारी आम्ही ठरवलं, की शाळेच्या पटांगणातून निघून अंबरनाथच्या शिवमंदिरापर्यंत जायचं. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेलं शिलाहारांच्या काळातलं ते सुंदर मंदिर. जाऊन-येऊन साधारण २० किलोमीटर. नऊ मुलं, तीन पालक आणि मी. पहाटे लवकर निघालो, म्हणजे गाड्यांचा त्रास कमी. निघण्याआधी प्रत्येकाचे ब्रेक, हवा आणि चेन तपासली. त्या मुलाची जुनी सायकल भंगारात गेली नव्हती. आई म्हणाली, "मीपण येते. बघतेच कशी चालवतो ते." आणि शेजारणीची सायकल घेऊन ती खरंच आली!

गंमत बघा. पुढचं चाक उचलण्यात पटाईत असलेले दोघे अर्ध्या वाटेतच धापा टाकू लागले. पहिल्या किलोमीटरलाच सगळा जोर संपवलेला! रोज सायकलनं क्लासला जाणारी एक अबोल मुलगी मात्र एका लयीत पाय मारत सगळ्यांच्या पुढे. तिनं त्यांना सांगितलं, "धावू नका रे, श्वास मोजा."

पण मंदिराजवळच्या गल्लीत उलटं झालं. फुलवाले, भाविक, मध्येच एक गाय. तिथं त्या मुलीची सायकल डगमगायला लागली, सारखा पाय टेकायला लागला. आणि आपला हनुवटीवाला? दोन्ही ब्रेकांवर बोटं ठेवून, मुंगीच्या पावलानं, कुणालाही न शिवता, पाय न टेकता गल्ली पार करून गेला. आई मागून बघत होती. ती काही बोलली नाही. पुढच्या टपरीवर तिनं सगळ्यांना वडापाव घेतले.

परतल्यावर त्यानं मामेभावाला फोन केला. त्याच्या फिक्सीला आता पुढचा ब्रेक बसलाय. कसरती बंद झालेल्या नाहीत, पण त्या मैदानातच होतात, डोक्यावर हेल्मेट घालून.

पालकांनो, तुम्हालाही एक विनंती. मूल पडलं म्हणून सायकल भंगारात देऊ नका. एखाद्या रविवारी तुम्हीही एक सायकल घ्या आणि त्याच्या मागून जा. आपलं मूल कुठं घाबरतं, कुठं उगाच धाडस करतं आणि कुठं खरंच हुशार आहे, ते मागून छान दिसतं.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक गृहपाठ. पटांगणात चुन्याच्या दोन रेघा दहा पावलांच्या अंतरावर मारा. पाय न टेकता, जास्तीत जास्त वेळ लावून ते अंतर पार करा. मग एखाद्या पहाटे मोठ्या माणसाला सोबत घेऊन पाच किलोमीटर न थकता जाऊन या. दोन्ही जमलं, की मला पत्रानं कळवा. जो मुलगा आधी फक्त पहिलंच करायचा, त्याचं पत्र माझ्याकडे आलं आहे. अर्ध्या दाताचं चित्र काढून त्याखाली त्यानं लिहिलंय : "बाई, दोन्ही जमलं!"