पाडवा, राहुटी आणि सुपारी

पुण्यापासून दोन-अडीच तासांवरच्या नारायणगावात दरवर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास गावोगावच्या जत्रांचे तमाशे ठरतात. लावणी फक्त टीव्हीवरच बघितलेल्या प्रत्येकानं एकदा तरी मारावी अशी ही चक्कर!

‘उगाच तमाशा करू नकोस!’ लहानपणी हट्ट केला की आईचं हे वाक्य ठरलेलं. तुमच्याही घरी असेलच. त्यामुळे ‘तमाशाच्या बुकिंगवर लिहायला नारायणगावला चाललेय’ असं फोनवर सांगितल्यावर पलीकडे दोन सेकंद शांतता पसरली. मग हळूच प्रश्न आला, ‘बायका बघतात का गं तो?’

उत्तर माझ्याकडे नव्हतं. सॅक उचलली आणि नाशिक हायवेची एसटी पकडली.

नारायणगाव म्हणजे द्राक्षं, टोमॅटोचा बाजार आणि वीकेंडला शिवनेरीवर जाणाऱ्यांचा चहाचा स्टॉप. एवढीच आपली ओळख. पण अख्ख्या महाराष्ट्रातले तमाशावाले या गावाला ‘तमाशा पंढरी’ म्हणतात. होळीच्या आगेमागे इथे फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. राहुटी म्हणजे त्या-त्या फडाचं तात्पुरतं ऑफिसच. बाहेर फडमालकांचे फोटो असलेला भलामोठा बोर्ड, आत टेबल-खुर्च्या, एक मॅनेजर, एक डायरी आणि भिंतीवर कॅलेंडर. पांढऱ्या टोप्या घातलेली गावकरी मंडळी या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, चहा पितात, भाव काढतात. कलावंत किती, गाड्या किती, यंदा वग कुठला? सगळी चौकशी होते. सौदा पटला की इसार दिला जातो. त्याला म्हणायचं ‘सुपारी’. (आपल्या मुंबईच्या सिनेमातली नव्हे!)

तारखेला भाव

गंमत म्हणजे भाव नुसता फडाच्या नावावर ठरत नाही, तिथीवरही ठरतो. चैत्री पौर्णिमा, अष्टमी, अक्षय्य तृतीया या दिवशी शेकडो गावांच्या जत्रा असतात आणि मोठे फड मात्र मोजकेच. एअरलाइनच्या तिकिटांसारखंच गणित! चांगल्या तिथीला नामवंत फड हवा तर आकडा लाखांत जातो. तो गोळा होतो घरटी वर्गणीतून. बदल्यात गावाला मिळते रात्रीचा तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळची ‘हजेरी’ आणि मग दुपारचा कुस्त्यांचा आखाडा. मुंबई-पुण्यात नोकरी करणारी पोरंसुद्धा या दोन दिवसांसाठी रजा टाकून गावी येतात.

लावणी म्हणजे तमाशा नव्हे

‘नटरंग’ (२०१०) बघून आपण सगळे थिएटरात शिट्ट्या मारून आलो, पण घोळ तसाच राहिला. लावणी हा तमाशाचा एक भाग. ढोलकीफडाचा पूर्ण तमाशा सुरू होतो गणानं, म्हणजे गणेशवंदनेनं. मग गवळण. त्यात कृष्ण, पेंद्या आणि सगळ्यांची फिरकी घेणारी मावशी. मग बतावणी, लावण्या आणि शेवटी वग. वग म्हणजे चक्क पूर्ण लांबीचं नाटक. पूर्वी तो मध्यरात्रीनंतर रंगायचा आणि उजाडताना संपायचा.

या गावाची शान म्हणजे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. वडील भाऊ आणि काका बापू यांच्या फडात त्या वाढल्या आणि पुढे तमाशासम्राज्ञी झाल्या. नऊ महिन्यांच्या गरोदर असताना खेळाच्या मध्येच पडद्यामागे जाऊन त्या बाळंत झाल्या, नाळ दगडानं ठेचून तोडली आणि पुन्हा स्टेजवर उभ्या राहिल्या, ही कहाणी इथे आजही सांगितली जाते. २००२ मध्ये त्या गेल्या. राज्य सरकार त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभा केला आणि हा पुरस्कारही मिळवला. कांताबाई सातारकर याही तशाच फडमालकीण.

म्हणजे आईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. बायका फड चालवतात!

सात महिन्यांची कमाई

दसऱ्याला हंगाम सुरू होतो, बुद्ध पौर्णिमेला संपतो. आधीचे महिने कनातीतले तिकिटाचे खेळ, मग जत्रांच्या सुपाऱ्या. पावसाळ्यात कमाई शून्य. पण कलावंतांना ‘उचल’, म्हणजे अॅडव्हान्स, द्यावीच लागते. नाहीतर ढोलकीवाला दुसऱ्या फडात जातो. मोठ्या फडात शंभरावर माणसं. मालक त्यासाठी व्याजानं पैसे काढतो आणि चैत्र-वैशाखाच्या सुपाऱ्यांवर ते फेडतो.

आता कॅलेंडर आठवा. २०२० चा गुढीपाडवा होता २५ मार्चला. देशभरातला लॉकडाऊन सुरू झाला त्याच दिवशी. जत्रा रद्द, सुपाऱ्या रद्द, उचल मात्र आधीच वाटलेली. २०२१ मध्येही जत्रा भरल्या नाहीत. त्याच मे महिन्यात कांताबाई गेल्या.

दहाच्या आत वग?

नारायणगावहून परतल्यावर दोन आठवड्यांनी जुन्नर तालुक्यातल्याच एका जत्रेला गेले. गण झाला, गवळण धमाल झाली. मग हिंदी-मराठी गाण्यांची फर्माईश सुरू झाली ती थांबेचना. वग सुरू झाला आणि पंधरा-वीस मिनिटांत माइक बंद करायची वेळ आली. रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर नाही, हा नियम २००० सालचा. सरकार सणासुदीला बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस. जत्रांचा सीझन त्याहून कितीतरी मोठा. शांत झोपेचा हक्क मलाही हवाच आहे, खोटं कशाला बोलू? पण वेळ कमी पडली की कात्री लागते ती वगालाच. आणि वग गेला तर उरतो फक्त ऑर्केस्ट्रा.

माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांनी राजाचं पुढे काय झालं ते मला चालता चालता सांगितलं. त्यांना अख्खा वग पाठ होता. मागे, एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सात-आठ बायका बसल्या होत्या. आईला तसं कळवलं. पुढच्या वर्षी ती येतेय.

जायचंय?

* पुण्याहून नारायणगाव साधारण ७५ किमी. नाशिककडे जाणाऱ्या एसटी सोयीच्या.
* राहुट्या बघायला होळी ते पाडवा, प्रत्यक्ष तमाशाला चैत्र-वैशाखातल्या जत्रा. कनातीतला खेळ असेल तर तिकीट काढूनच जा.
* फोटो विचारून काढा. फर्माईश करायचीच असेल तर वगाची करा!
* जवळच शिवनेरी आणि खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. वीकेंड सत्कारणी!