वीज साठवायची, की काम थांबवायचे?

विजेचा पाठ शिकवताना वर्गातून हमखास येणारा एक प्रश्न म्हणजे, 'धरणात पाणी साठवतात, मग वीज का साठवत नाहीत?' प्रश्न साधा आहे. पण त्याच्या उत्तरात आपल्या वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या रात्रीच्या जागरणाचे कारणही दडलेले आहे.

ग्रीड, म्हणजे देशभरातील वीजकेंद्रे व वाहिन्यांचे जाळे, हे साठवणीचे कोठार नव्हे. ज्या क्षणी आपण पंखा लावतो, त्याच क्षणी कुठेतरी तेवढी वीज निर्माण व्हावी लागते. मागणी व निर्मिती यांचा मेळ प्रत्यावर्ती प्रवाहाच्या वारंवारतेवरून कळतो. आपल्याकडे ती सेकंदाला ५० आवर्तने ठेवतात. मागणी वाढली आणि निर्मिती तेवढीच राहिली, तर जनित्रे मंदावतात व वारंवारता घसरते. ती फार घसरू नये म्हणून काही भागाचा पुरवठा तोडावा लागतो.

अकोला जिल्ह्यातील पारस येथे प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन औष्णिक संच आहेत. असा संच दिव्यासारखा बटण दाबून चालू-बंद करता येत नाही. बॉयलर थंड झाला, तर पुन्हा पूर्ण क्षमतेला यायला कित्येक तास लागतात. त्यामुळे मध्यरात्री गावे झोपली तरी हे संच चालूच ठेवावे लागतात. या वेळच्या विजेला गिऱ्हाईक हवे असते. ते मिळाले कृषिपंपांच्या रूपाने! शेतीला आलटून-पालटून कधी दिवसा, कधी रात्री वीज देण्याची पद्धत त्यातूनच रूढ झाली. ग्रीडचा तोल सांभाळला गेला. पण त्यासाठी साप-विंचवांच्या वाटेने, अंधारात, ओल्या जमिनीवर उभे राहून पंप सुरू करायला शेतकरी जात राहिला. म्हणजे साठवणीची उणीव माणसाच्या जागरणाने भरून काढली गेली.

सौर विजेने हे गणित उलटे केले. ती भर दुपारी भरपूर मिळते. महाराष्ट्रात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना सुरू झाली. तिच्या पहिल्या प्रायोगिक ठिकाणांमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी हे गाव होते. कृषिपंप दिवसा चालवायचे, हा तिचा गाभा.

येथे विद्यार्थ्यांकडून एक हिशेब करून घ्यावा. ५ अश्वशक्तीचा पंप ८ तास चालला, तर ५ × ०.७४६ × ८ म्हणजे जवळजवळ ३० युनिट वीज लागते. हा पंप रात्री चालवायचा, तर दुपारची किमान ३० युनिट सौर वीज साठवावी लागेल. आता एका घरात १० वॅटचे पाच दिवे आणि ७५ वॅटचे दोन पंखे संध्याकाळी ४ तास चालतात असे धरू. त्यांना ०.८ युनिट पुरते. म्हणजे एका पंपासाठी साठवलेल्या विजेत सुमारे ३७ घरांची संध्याकाळ निघते! पिकाला पाणी दुपारी देता येते. अभ्यासाला बसलेल्या मुलाचा दिवा मात्र दुपारी लावून भागत नाही. तेव्हा जे काम वेळ बदलू शकते ते उन्हाच्या वेळेत न्यावे आणि जे बदलू शकत नाही तेवढ्यापुरतीच वीज साठवावी, हे साठवणीचे पहिले सूत्र होय.

ही साठवण करायची कशी? जुना व खात्रीचा मार्ग पाण्याचा. वीज शिल्लक असताना खालच्या जलाशयातील पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि गरज पडली की तेच पाणी खाली सोडून जनित्र फिरवायचे. यास उदंचन जलविद्युत म्हणतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात घाटघर येथे असा २५० मेगावॅटचा प्रकल्प २००८ साली कार्यान्वित झाला. (हे अकोले, आपले अकोला नव्हे.) जपानच्या कर्जसाहाय्याने तो उभा राहिला. घाटमाथ्यावरचा व कोकणातला जलाशय यांच्यात सुमारे ४०० मीटरचा फरक आहे. घरावरची १००० लिटरची टाकी एवढ्या उंचीवरून रिकामी केली, तर मिळणारी ऊर्जा १००० × ९.८ × ४०० = ३९,२०,००० ज्यूल. एक युनिट म्हणजे ३६,००,००० ज्यूल. म्हणजे घट वजा जाता टाकीभर पाण्याचे जेमतेम एक युनिट! शिवाय चढवायला लागलेल्या विजेपैकी सुमारे पाऊण भागच परत मिळतो. उदंचनाच्या संभाव्य जागांमध्ये चिखलदऱ्याचेही नाव आलेले आहे. तेथे उंची आहे, पण मेळघाटचे जंगलही आहे. दोहोंचा विचार करावा लागेल.

दुसरा मार्ग बॅटरीचा. लिथियम बॅटरी हलकी म्हणून मोबाईलला व मोटारीला सोयीची. पण उपकेंद्राच्या आवारात एकाच जागी ठेवायच्या बॅटरीचे वजन कोण पाहतो? तेथे स्वस्त व मुबलक द्रव्य महत्त्वाचे. म्हणून लक्ष सोडियमकडे वळले. खारपाणपट्ट्यातील विहिरींचे पाणी ज्याच्यामुळे पिकाला सोसत नाही, तेच हे सोडियम! पुण्याच्या आयसर संस्थेतील डॉ. सतीशचंद्र ओगले आणि पुण्याचीच केपीआयटी ही कंपनी यांनी मिळून विकसित केलेले सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर करण्यात आले.

असे संशोधन एकट्याने का होत नाही? रसायनशास्त्रज्ञ योग्य पदार्थ शोधतो. त्यापासून हजारो एकसारखे घट बनविणे हे अभियंत्याचे काम. ते केव्हा भारित व केव्हा रिते करायचे हे ग्रीड चालवणाऱ्यालाच ठाऊक. आणि अकोल्याच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात ते किती वर्षे टिकतील (उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते), हे तर प्रत्यक्ष वापरातूनच कळणार.

वर्गात एक उपक्रम घेता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील व शेतातील विजेच्या कामांची यादी करावी आणि प्रत्येकापुढे लिहावे : 'थांबू शकते' किंवा 'थांबू शकत नाही'. दुसऱ्या रकान्यातील युनिटांची बेरीज केली, की आपल्या गावाला किती साठवण हवी याचा पहिला अंदाज मुलांच्याच हाती येईल.