संथाळांचा हूल

'हूल' हा शब्द आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. एका बाजूनें चाल करून आल्याचें दाखवावें आणि दुसऱ्याच बाजूनें घाव घालावा, याला आपण मराठींत हूल देणें म्हणतों. संथाळ लोकांच्या भाषेंतहि हूल हा शब्द आहे. परंतु त्याचा अर्थ अगदीं निराळा. तेथें हूल म्हणजे उठाव. सर्व समाजानें एकदिलानें केलेलें बंड. अशा एका हुलाची हकीकत आज आपणांपुढें ठेवावयाची आहे. तो इ. स. १८५५ च्या पावसाळ्यांत राजमहालच्या डोंगरांतून उठला आणि कलकत्त्याच्या राज्यकर्त्यांना सहा महिने त्यानें चैन पडूं दिली नाहीं.

१८५७ च्या स्वातंत्र्यसंग्रामाविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें व बोललें गेलें आहे. त्याच्या आधीं अवघीं दोनच वर्षें झालेल्या या उठावाचें नांव मात्र महाराष्ट्रांत फारसें ऐकूं येत नाहीं. त्यांत ना कोणी राजा होता, ना पदच्युत झालेला पेशवा, ना कवायती पलटण. शेतकरी, गुराखी आणि मजूर हींच त्यांतील सारीं माणसें. तेवढ्याचसाठीं त्याचीं कारणें नीट समजून घेणें अगत्याचें आहे. राजे कां लढतात हें सहज कळतें. पण नांगर धरणारा माणूस पेरणीच्या ऐन हंगामांत नांगर सोडून धनुष्य कां उचलतो, हें समजण्यास थोडें खोल जावें लागतें.

प्रथम भूमि पाहूं. गंगा नदी बिहारांतून बंगालकडे वळते, त्या वळणापाशीं राजमहालचे डोंगर आहेत. या डोंगरांत पहाडिया लोक पूर्वापार राहत. ते माथ्यावर फिरती शेती करीत आणि अडचणीच्या काळांत पायथ्याच्या मुलखावर धाडी घालीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस भागलपूरचा कलेक्टर क्लीव्हलंड यानें त्यांच्या नायकांना तनखे बांधून दिले, त्यांच्यांतील तरुणांची एक पलटण उभारली आणि त्यांना शांत केलें. परंतु सरकारला नुसती शांतता पुरेशी नव्हती. त्याला शेतसारा हवा होता. पहाडिया कांहीं नांगर धरीनात. तेव्हां पश्चिमेकडून व दक्षिणेकडून येणाऱ्या संथाळांकडे सरकारचें लक्ष गेलें. संथाळ कष्टाळू, रान तोडून त्याची भातखाचरें करण्यांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. इ. स. १८३२ मध्यें सरकारनें डोंगरांभोंवतीं हद्दीचे खांब घालून सुमारें तेराशें चौरस मैलांचा मुलूख वेगळा काढला. त्याचें नांव दामिन-इ-कोह. हा शब्द फारशी असून त्याचा अर्थ डोंगराचा पदर असा आहे.

या पदराखालीं संथाळ किती वेगानें आले पाहा. इ. स. १८३८ मध्यें दामिनांत त्यांची वस्ती सुमारें तीन हजार होती. १८५१ मध्यें ती ८२,७९५ झाली आणि गांवांची संख्या १,४७३ वर गेली. सरकारचा वसूल कांहीं हजारांवरून सुमारें ४३ हजार रुपयांवर चढला. ज्या जमिनींत पूर्वीं वाघ फिरत, तेथें भात आणि मोहरी पिकूं लागली. सरकारी अहवालांतून या भरभराटीचें कौतुक झालें. मात्र ज्यांच्या डोंगरांच्या पायथ्याशीं ही वस्ती झाली ते पहाडिया अधिकाधिक आंत रेटले गेले, ही गोष्टहि येथें नमूद केली पाहिजे.

जेथें पीक येतें तेथें सावकार येतो. बंगाल, भागलपूर आणि त्याहून दूरच्या प्रांतांतून व्यापारी व महाजन दामिनांत शिरले आणि बरहेट येथील बाजारपेठ भरभराटीस आली. बाहेरून आलेल्या अशा लोकांना संथाळ 'दिकू' म्हणत. व्यापाराची रीत अशी होती कीं, संथाळाकडून धान्य घेतांना महाजन मोठें माप वापरी आणि त्याला मीठ, तेल, कापड किंवा बीं देतांना लहान माप वापरी. या दोन मापांना लोकांत नांवेंच पडलीं होतीं : घेण्याचें तें 'केनाराम' आणि विकण्याचें तें 'बेचाराम'. संथाळाला लिहितां वाचतां येत नसे. घेतलेल्या कर्जाची खूण म्हणून तो दोरीला गांठी मारून ठेवी. महाजनाजवळ मात्र चोपडी असे. दोरी आणि चोपडी यांचा वाद न्यायासनापुढें गेला म्हणजे काय होईल, तें सांगावयास नको.

व्याजाचा दर शेंकडा पन्नासपासून पांचशेंपर्यंत असे, असें त्या काळच्या लेखांतच नमूद आहे. कर्ज फिटलें नाहीं म्हणजे धान्य जाई, मग गुरें जात, मग जमीन जाई. आणि शेवटीं माणूस स्वतःच गहाण पडे. 'कमियौती' नांवाच्या करारानें ऋणको कर्ज फिटेपर्यंत धनकोच्या घरीं राबण्यास बांधला जाई. 'हरवाही' नांवाच्या दुसऱ्या करारानें महाजन बोलावील तेव्हां आपलें शेत टाकून त्याचें शेत नांगरणें भाग पडे. स्वतःच्या शेताची वेळ अशी चुकली कीं पीक बुडे, पीक बुडालें कीं नवें कर्ज काढावें लागे, आणि नव्या कर्जानें जुना करार अधिकच घट्ट होई. बाप मेला तर मुलगा त्याच्या जागीं उभा राही. पांचदहा रुपयांच्या कर्जापायीं दोन पिढ्या राबत. हा एखाद्या दुष्ट सावकाराचा अपराध नव्हता. ही एक रीतच होऊन बसली होती.

आपल्याकडच्या श्रोत्यांना हें चित्र अगदींच अनोळखी वाटूं नये. इ. स. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या पेढ्यांवर चालून जाऊन खतें व रोखे जाळले, त्यामागेंहि कर्ज, कागद आणि कोर्ट यांचीच साखळी होती. दोन्ही ठिकाणीं शेतकऱ्याचा पहिला राग गोऱ्या साहेबावर नव्हता. तो दाराशीं येणाऱ्या सावकारावर होता. परंतु सावकाराच्या पाठीशीं कोण उभें आहे, हें दामिनांतील संथाळाला लौकरच कळून चुकलें.

हें कळण्याचें कारण म्हणजे न्यायाची व्यवस्था. सरकारनें दामिनावर एक सुपरिंटेंडंट नेमला होता. त्याचें नांव पाँटेट. त्याचें मुख्य काम सारा वसूल करण्याचें. मोठ्या दादीफिर्यादीसाठीं संथाळाला रान तुडवीत भागलपूरला जावें लागे. तेथें गेल्यावर वकील, मुखत्यार, कारकून आणि शिपाई या प्रत्येकाच्या हातावर कांहीं ठेवल्याशिवाय अर्ज पुढें सरकत नसे; आणि सारा कारभार त्याला न समजणाऱ्या भाषेंत चाले. जवळ होता तो पोलिसांचा दारोगा. पण तो बहुधा महाजनाच्या ओसरीवरच उतरलेला असे. कायदा होता, पण तो एकाच बाजूला सांपडत होता.

याच सुमारास तिसरें एक कारण येऊन मिळालें. ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग राजमहालच्या बाजूनें घालण्याचें काम सुरू झालें. या कामाचे परिणाम दोन झाले. कांहीं गोऱ्या मुकादमांनीं संथाळांच्या कोंबड्या, बकरीं पैसे न देतां ओढून नेलीं आणि स्त्रियांवरहि हात टाकला, अशा तक्रारी झाल्या. उलटपक्षीं, रेल्वेवर रोख मजुरी मिळूं लागली. जो मोकळा होता तो चार पैसे गांठीला बांधून घरीं परतला. जो कमियौतीनें बांधलेला होता त्याला महाजनाचें शेत सोडून जातां येईना. शेजारचा माणूस मोकळा झालेला पाहिल्यावर स्वतःच्या पायांतील बेडी अधिक जड वाटते, हा मनुष्यस्वभावच आहे.

१८५४ पासून ठिणग्या उडूं लागल्या. वीरसिंग मांझी नांवाच्या एका पुढाऱ्यानें टोळी जमवून महाजनांची घरें लुटण्यास आरंभ केला. पाकूरच्या जमीनदारीच्या कचेरींत त्याला बोलावून दंड केला आणि त्याच्या लोकांदेखत जोड्यांनीं मारलें. लुटीबद्दल संथाळांना शिक्षा होई. पण ज्या अन्यायानें ते लुटीला प्रवृत्त झाले त्याची चौकशी कोणी करीना.

अशा वेळीं भोगनाडीह या गांवीं मुर्मू कुळांतील चार भाऊ पुढें आले : सिधू, कान्हू, चांद आणि भैरव. फुलो व झानो या त्यांच्या बहिणींचींहि नांवें परंपरा मोठ्या आदरानें घेते. सिधू व कान्हू यांनीं जाहीर केलें कीं, साक्षात् ठाकुरानें, म्हणजे परमेश्वरानें, आपणांस दर्शन देऊन आज्ञा केली आहे. आजच्या श्रोत्याला ही गोष्ट भाबडी वाटेल. पण तिचें बळ ओळखलें पाहिजे. शेंकडों गांवांत विखुरलेल्या, निरक्षर आणि कर्जानें वांकलेल्या लोकांना एका दिवशीं एका ठिकाणीं आणण्यास दुसरा कोणता हुकूम पुरला असता? सालवृक्षाच्या डहाळ्या हातोहात गांवोगांव फिरल्या. संथाळांच्या प्रत्येक गांवाला मांझी असतो आणि कांहीं गांवें मिळून त्यांवर परगणैत असतो. या जुन्या व्यवस्थेनेंच निरोप पोंचविला. ३० जून १८५५ रोजीं भोगनाडीह येथें सुमारें दहा हजार संथाळ जमले. ते चारशें गांवांतून आले होते, असें सांगतात.

या सभेनें सर्वांत आधीं काय केलें? पत्रें लिहविलीं. सरकार, कमिशनर, भागलपूर व बीरभूमचे अधिकारी, दारोगे आणि जमीनदार यांस पत्रें धाडून पंधरा दिवसांत उत्तर मागितलें. त्यांच्या मागण्या पाहिल्या तर त्या एखाद्या व्यवहारी कुणब्यानें मांडाव्या तशा आहेत : म्हशींच्या नांगराला वर्षाला दोन आणे सारा, बैलांच्या नांगराला एक आणा आणि कर्जाला रुपयामागें वर्षाला एक पैसा व्याज. कलकत्त्यापर्यंत चालत जाऊन आपलें गाऱ्हाणें सरकारच्या कानीं घालावें, असाहि बेत होता. ज्यांना पुढें 'रानटी' म्हटलें गेलें, त्यांनीं शस्त्राआधीं अर्ज पुढें केला होता, हें आपण ध्यानांत ठेवावें.

उत्तर आलें नाहीं, दारोगा आला. ७ जुलै रोजीं दिघी ठाण्याचा दारोगा महेशलाल दत्त पंचकठिया येथें पुढाऱ्यांना पकडण्यास गेला असतां जमावानें त्याला ठार केलें. त्या क्षणीं अर्जाचा मार्ग संपला आणि हूल सुरू झाला. महाजनांचीं घरें जळालीं, जमीनदारांच्या कचेऱ्या लुटल्या गेल्या, रेल्वेचीं ठाणीं व निळीच्या कोठ्या यांवर हल्ले झाले. या रागांत निरपराध माणसेंहि मारलीं गेलीं. इतिहास सांगतांना तें झांकून चालणार नाहीं. परंतु सरसकट सर्वच दिकू शत्रु मानले गेले असेंहि नव्हे. लोहार, तेली, गवळी, डोम अशा कष्टकरी जातींच्या लोकांना त्यांनीं सोडलें. इतकेंच नव्हे तर या लोकांनीं हत्यारें करून देणें, बातमी आणणें अशीं साह्यें केलीं. रेषा जातीची नव्हती, घामाची होती.

१६ जुलै रोजीं पीरपैंतीजवळ मेजर बरोज याच्या हाताखालील भागलपूर हिल रेंजर्स या पलटणीचा संथाळांनीं पराभव केला. क्लीव्हलंडनें पहाडियांची उभारलेली पलटण ती हीच. परंतु एक दिवस आधीं महेशपूर येथें बंदुकांच्या माऱ्यापुढें संथाळांना मागें हटावें लागलें होतें, आणि पुढील महिन्यांत हेंच चित्र पुनःपुन्हां दिसूं लागलें. धनुष्य, फरशी आणि नगारा एका बाजूला. कवायती पलटणी, तोफा आणि मुर्शिदाबादच्या नबाबानें पुरविलेले हत्ती दुसऱ्या बाजूला. गांवेंच्या गांवें जाळण्यांत आलीं. १० नोव्हेंबर १८५५ रोजीं लष्करी कायदा पुकारला गेला. तो ३ जानेवारी १८५६ पर्यंत चालू होता. सिधू फितुरीनें पकडला गेला आणि फांशीं गेला. कान्हूचीहि पुढें तीच गत झाली. चांद व भैरव लढतां लढतां पडले. एकंदर पंधरा ते वीस हजार संथाळ मारले गेले, असा अंदाज सामान्यतः देतात.

मग या उठावानें मिळविलें काय? तो मोडला जात असतांनाच, डिसेंबर १८५५ मध्यें, सरकारला सदतिसावा कायदा करून संथाळ परगणा नांवाचा वेगळा जिल्हा निर्माण करावा लागला. सामान्य कायद्यांचें जंजाळ तेथून काढून घेण्यांत आलें. अधिकाऱ्यापुढें मुखत्यारावांचून तोंडी फिर्याद करण्याची सोय झाली. पोलिसांऐवजीं गांवच्या प्रमुखावर बंदोबस्त सोंपविला गेला. १८७२ च्या नियमांनीं व्याजाला मर्यादा घातली आणि व्याजाची एकंदर रक्कम मुद्दलापेक्षां अधिक होऊं नये असें ठरविलें. आपल्याकडे जिला दामदुप्पट म्हणतात तीच ही मर्यादा. म्हणजे जें पंधरा दिवसांत मागितलें होतें, त्यांतील थोडें सतरा वर्षांनीं मिळालें. आणि मध्यें हजारों प्राण गेले.

संथाळ परगण्याचा तो मुलूख १५ नोव्हेंबर २००० रोजीं झारखंड या नव्या राज्यांत समाविष्ट झाला. दरवर्षीं ३० जूनला तेथें हूल दिवस पाळतात आणि भोगनाडीहला लोक जमतात. या हुलाचें कारण एका वाक्यांत सांगावयाचें तर असें म्हणावें लागेल कीं, दारिद्र्यामुळें संथाळ उठले नाहींत. दारिद्र्य त्यांनीं पुष्कळ सोसलें होतें. स्वतःच्या हातांनीं पिकविलेली जमीन डोळ्यांदेखत जात आहे आणि तें सांगावयास ऐकणारा कोणी नाहीं, याची खात्री पटली तेव्हां ते उठले. ज्या राज्यांत अर्जाला उत्तर म्हणून दारोगा येतो, तेथें दुसरा अर्ज कोणी लिहीत नाहीं.