पहिले तीन महिने

"तांड्यावरचं लेकरू पहिले तीन महिने वर्गात तोंडच उघडत नाही," वऱ्हाडातल्या मालेगावच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम सहज बोलून गेल्या. ते ऐकून राहवेना, म्हणून त्यांच्या प्रथम वर्षाच्या तासाला जाऊन बसलो.

हजेरी झाली. विषय होता मागणीची लवचिकता. व्याख्येला हात न लावता मॅडमनी विचारलं, "मीठ दुप्पट महागलं तर घरी काय कराल? आणि टमाटे महागले तर? शेजारच्याशी बोला, घरच्या भाषेत बोला."

वर्ग गजबजला. खिडकीकडे बंजारा मुलांची गोरबोली, मधल्या बाकांवर वऱ्हाडी, पुढे दोघी जणी उर्दूत. मग मागची एक मुलगी उठली. ओढणीचं टोक मुठीत, आवाज मात्र स्पष्ट. "मॅडम, मीठ महागलं तरी तेवढंच लागते. टमाटे बंद करतो आम्ही." त्यानंतरच व्याख्या फळ्यावर आली, प्रमाण मराठीत, कारण पेपर त्याच भाषेत लिहायचा आहे.

त्या मुलीचं बोलणं अजून कानात आहे; आधी घरच्या भाषेत बोलता आलं म्हणूनच ती उठली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणातही मातृभाषेचा आग्रह धरला. आपल्याकडे त्याचा अर्थ मराठी असा होतो. पण तांड्यावर मराठी ही शाळेत शिकलेली भाषा. गोरबोलीला आठव्या अनुसूचीत जागा नाही. जनगणनेत ती हिंदीखाली मोजली जाते.

शिवाय ते तीन महिने नेमके वाईट वेळी संपतात. जून-जुलैत सत्र सुरू होतं, पोरं बोलायला लागतात तोवर सोयाबीन सोंगणीला येतं. घरची माणसं वावरात, मुलंही वावरात. परतली की सत्राची परीक्षा समोर.

मॅडम तासिका तत्त्वावर आहेत. मानधन झालेल्या तासांचं, नेमणूक दर वर्षी नव्याने. तासानंतर व्हरांड्यात थांबून एकेकाचं ऐकणं कुठल्याच हिशेबात धरलं जात नाही. पुढच्या वर्षी त्या नसल्या, तर नव्या मुलांचे तीन महिने कोण सोसणार?

समान संधी द्यायची तर पहिल्या सत्रात घरच्या भाषेतलं असं बोलणं वेळापत्रकात बसवावं, सोंगणीचे दिवस टाळून परीक्षा घ्याव्यात आणि शिकवणाऱ्याला कायम नेमणूक द्यावी. त्या मुलीला विषय कळला होता. तो सांगायला तिला मोकळीक हवी होती, आणि ती देणं विद्यापीठाचंच काम आहे.