शस्त्रक्रियेनंतरचा हात

१९४१ साली परळ येथे सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात स्तनकर्करोगावर इलाज करवून मालवणास परतलेल्या स्त्रीच्या काखेतील लसिकाग्रंथी काढल्या गेल्या असतील, तर लसिकेचा निचरा मंदावून त्या हातास महिन्यांनी, क्वचित वर्षांनीही, सूज येऊ शकते. कालवे फोडताना शिंपल्याची धार लागली किंवा बांगड्याचा काटा रुतला, की त्या वाटेने जंतुसंसर्ग शिरून सूज बळावते. म्हणून हातमोजे घालावेत, जखम तत्काळ धुवावी. डॉक्टरांनी सांगितलेली मापाची दाबबाही व रोजचा व्यायाम आवश्यक. हात कायमचा न वापरता ठेवण्याचा जुना दंडक मात्र मला अन्यायाचा वाटतो, कारण देखरेखीखाली त्या हाताने उचलायचे वजन क्रमाक्रमाने वाढविल्यास अपाय होत नाही, हे प्रयोगांती दिसले आहे. हात लाल व ऊन होऊन ताप भरल्यास हयगय न करता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.