अर्धशिशी समजून घेताना (भाग ४) : डोळे मिटले तरी दिसते ते

वाचता वाचता ओळीतला एखादा शब्द गायब होतो. समोरच्याकडे पाहावे तर त्याचा अर्धा चेहरा दिसत नाही. मग त्या रिकाम्या जागेच्या कडेला लखलखती नागमोडी रेघ उमटते, हळूहळू मोठी होत बाजूला सरकते आणि वीस-तीस मिनिटांत नजरेच्या कडेवरून निघून जाते. याला ऑरा म्हणतात. अर्धशिशीच्या साधारण चार रुग्णांतल्या एकाला तो अनुभवास येतो. बहुतेकांचे डोके त्यानंतर ठणकू लागते, काहींचे मुळीच दुखत नाही.

पहिल्यांदा असे झाले की माणूस घाबरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे धावतो. तपासणी करून घ्यावीच, पण घरच्या घरीही एक गोष्ट पाहता येते. आधी एक डोळा झाकावा, मग दुसरा. दोन्ही वेळा ती रेघ त्याच बाजूला दिसली, डोळे मिटल्यावरही चमकत राहिली, तर ती डोळ्यात नाही, मेंदूत आहे. चष्मा बदलून किंवा थेंब घालून ती जाणार नाही.

हे कोडे सोडवायला मदत केली ती ज्यांना स्वतःला ऑरा येत असे अशा माणसांनीच. ग्रीनिच वेधशाळेचे प्रमुख जॉर्ज एअरी यांनी १८६५मध्ये आपल्या ऑराचे वर्णन छापले. त्यांचा डॉक्टर मुलगा ह्यूबर्ट यालाही तोच त्रास होता. त्याने १८७०मध्ये आपल्याला दिसणाऱ्या रेघेची टप्प्याटप्प्याने वाढणारी सुंदर चित्रे काढली. तिचे कोन त्याला किल्ल्याच्या तटबुरुजांसारखे वाटले. पुढे १९४१मध्ये कार्ल लॅश्ली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या ऑराचा नकाशा वेळ लावून काढला आणि हिशेब मांडला : मेंदूच्या मागच्या भागात, जिथे दृष्टीचे केंद्र आहे, काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकत असले पाहिजे. कोणतेही यंत्र न लावता काढलेला हा आकडा! तीनच वर्षांनी ब्राझीलच्या अरिस्टिडिस लिआवने सशाच्या मेंदूत जवळपास त्याच वेगाने पसरणारी लाट नोंदवली. २००१मध्ये संशोधकांनी प्रत्यक्ष ऑरा चालू असताना रुग्णाच्या मेंदूचे एमआरआय चित्रण केले, तेव्हा माणसाच्या मेंदूतही तशीच लाट दिसली.

लाटेच्या पुढच्या कडेला चेतापेशी एकाएकी पेटून उठतात. ती लखलखती रेघ. पाठीमागे त्याच पेशी काही मिनिटे गप्प पडतात. ती न दिसणारी जागा.

मग आराम कशाने? स्पष्टच सांगायचे तर, सुरू झालेला ऑरा हमखास थांबवेल अशी गोळी आज नाही. गाडी चालवत असाल तर बाजूला घ्या, बसा, तो जाऊ द्या. वेदनाशामक लवकर घेतलेले बरे. सुमाट्रिप्टानसारखी औषधे मात्र डोके दुखू लागल्यावर घ्यायची असतात. ऑरामध्येच घेतली तर नुसत्या ऑरावर त्यांचा परिणाम होत नाही. त्रास वारंवार होत असेल तर प्रोप्रॅनोलॉल, टोपिरामेटसारखी रोजची प्रतिबंधक औषधे आहेत. ऑराच जास्त छळत असेल तर काही न्यूरॉलॉजिस्ट लॅमोट्रिजिन देतात. मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेल्या गोळ्या महिन्यात दहा-पंधरा दिवस पोटात जाऊ लागल्या, तर त्यांच्यामुळेच डोके दुखू लागते. हे फार घरांत घडते.

पथ्याबद्दल मी जरा साशंक आहे. उपास, जागरण, उन्हातली वणवण यांनी अनेकांना झटका येतो, हे खरे. न्हाण्यानंतर डोके दुखते ही आपल्याकडच्या बायकांची तक्रारही थट्टेवारी नेण्यासारखी नाही. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी असे रुग्ण नोंदवून त्यावर शोधनिबंध लिहिला आहे. पण चॉकलेट खाल्ले म्हणून डोके दुखले की झटका आतल्या आत सुरू झाल्यामुळेच चॉकलेट खावेसे वाटले, हे ठरवणे अवघड असते. वर्ज्य पदार्थांची यादी वाढवत नेण्यापेक्षा वेळेवर जेवण आणि वेळेवर झोप सांभाळावी. तारीख, वेळ, ऑरा किती मिनिटे टिकला हे वहीत टिपून ठेवावे. डॉक्टरला त्याचा उपयोग जास्त होतो.

काही लक्षणांत मात्र घरी थांबू नये. एकाच डोळ्यापुढे पडदा पडल्यासारखा अचानक अंधार, हातापायातली शक्ती जाणे, बोबडी वळणे, तासाहून जास्त टिकलेला ऑरा, किंवा पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच आलेला ऑरा : यांत आधी रुग्णालय गाठावे.

आणि स्त्रियांसाठी एक गोष्ट मुद्दाम. ऑरा येणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी आणि धूम्रपानाने तो आणखी वाढतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार अशा स्त्रियांना या गोळ्या वर्ज्य आहेत. याच गोळ्या पीसीओडीसाठी किंवा अनियमित पाळीसाठीही लिहून दिल्या जातात, आणि त्या वेळी डोळ्यांपुढच्या रेघांचा विषय सहसा निघत नाही. तो तुम्हीच काढा. डोके कधी दुखत नसले, तरी डॉक्टरांना सांगा.